पांढरं जाणं आणि मेडिकलमधलं चार गोळ्यांचं पाकीट

जालन्याच्या ताई, तिसरा महिना, अंगावरून दह्यासारखं पांढरं आणि खाज, त्यात मिस्टरांनी मेडिकलमधून पाकीट आणलंय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. मी डॉक्टर नाही, पण याच पाकिटाने मलाही घोर लावला होता (दुकानाचं नाव घेत नाही), म्हणून लिहितेय.

त्यात चार गोळ्या असतात: फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) १५० मिलीग्रॅम, अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेक्निडाझोल १ ग्रॅमच्या दोन. तीन निरनिराळ्या आजारांवर अंदाजाने मारलेला दगड! "पांढरं जातंय" म्हटलं की काउंटरवरून पाकीट पुढे येतं, दिवस गेलेत का हे विचारत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत फ्लुकोनाझोल रोज ४०० ते ८०० मिलीग्रॅम असं बरेच दिवस घेतलेल्या आयांच्या बाळांत जन्मजात व्यंगं दिसली होती, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये इशारा दिला. एका गोळीचा धोका तेवढा नाही. तरी २०१६ च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात तिचा गर्भपाताशी संबंध दिसला. चुकून घेतली गेली असेल तर डॉक्टरांना तारीख सांगा, १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. तेवढ्यावरून "पाडून टाका" म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका.

तपासून बुरशीच निघाली तर बहुतेक क्लोट्रिमाझोल १०० मिलीग्रॅमची योनीत ठेवायची गोळी देतात, झोपताना, सात रात्री. तिसऱ्या रात्री खाज थांबते आणि बायका उरलेल्या गोळ्या ठेवून देतात, मग पंधरा दिवसांत परत तेच. गोळी धुतलेल्या बोटाने ठेवा, सोबत गोळी ठेवायची नळी असेल तर ती जोरात आत ढकलू नका.

ही बुरशी सहसा बाळापर्यंत पोचत नाही. बाळंतपणात बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात, ते औषधाने जातात. घाण वास असेल तर आजार दुसरा. पाण्यासारखं सारखं गळत असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वारंवार होत असेल तर साखर बघा: ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. चौथ्या महिन्यापासून दर ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासणी असते, तिथे विचारा.

आणि परकराच्या नाडीखाली गजकर्ण असेल (आपल्याकडच्या उन्हाळ्यात कुणाला नसतं!) तर क्लोबेटासोल (तगडं स्टेरॉइड) मिसळलेली ट्यूब लावू नका. खाज दबते, बुरशी पसरते. नाडी सैल, परकर सुती, घामेजला की बदला.