किलोभर काजूगर २८९ रुपयांना

भाव आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर लावलं तर चुकून भलताच भाव लागू नये म्हणून काय करावं, असं विचारलंत. तळाचा भाव घाला, म्हणजे ज्याच्या खाली सॉफ्टवेअर उतरणारच नाही असा. झालं उत्तर. आता माझं रडगाणं ऐका.

वेंगुर्ल्याला आमचा काजूगराचा घरचा धंदा, माल ऑनलाइन पोर्टलवर विकतो. चार किलो बी फोडावी तेव्हा कुठे किलोभर गर हाती लागतो. डोंबिवलीचा चाकरमानी चुलतभाऊ चवथीला आला आणि लॅपटॉप उघडून ते सॉफ्टवेअर बसवून गेला. नियम एकच, समोरच्यापेक्षा रुपयाने कमी. मी म्हटलं, खाली मर्यादा घाल. तर म्हणे, "दादा, बाजाराला ठरवू दे, तू लुडबूड करू नको." रकाना कोराच राहिला.

दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी पाव किलोचं पाकीट २९० ला लावलं. सॉफ्टवेअरला वजन थोडंच कळतंय! आमचा डब्ल्यू-२४० प्रतीच्या गराचा किलो रात्रीत ११५० वरून २८९ वर. सकाळी ४१ ऑर्डरी बघून मी खूश. कुरिअरवाला १९ पाकिटं घेऊन गेल्यावर बाबांनी बिल बघितलं: "टकलां ठिकाणार आसा मां तुजां?" सोळा हजार गेले. उरलेल्या ऑर्डरी रद्द केल्या तर रेटिंग घसरलं ते वेगळंच.

तळ काढताना नुसती बी धरू नका. मजुरी, पाकीट, कुरिअर, पोर्टलचं कमिशन, सगळं धरा. आणि तो पोर्टलवरही घाला, कारण सॉफ्टवेअरच बिघडलं तर त्यातला तळ काय चाटायचाय? डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये असंच एक बिघडलं आणि तासाभरात अ‍ॅमेझॉनवरच्या कितीतरी वस्तू एक पेनीला लागल्या. वरची मर्यादाही हवी. २०११ साली दोन विक्रेत्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांकडे बघून भाव चढवत बसली आणि माशी या कीटकावरचं एक पुस्तक दोन कोटी डॉलरच्या पुढे गेलं. घरात २०० पाकिटं असली तरी पोर्टलवर वीसच दाखवा, म्हणजे आग लागली तरी वीसच जळतील.

मुख्य म्हणजे ज्याच्या खिशातून जाणार त्यानेच आकडे भरावेत. भाऊ अजून म्हणतो, वजन जुळवणं तुझं काम होतं. आणि रकाना कोरा कोणी ठेवला?

हां, आंबा किंवा ओले काजूगर विकत असाल तर हे जसंच्या तसं चालणार नाही. नासण्यापेक्षा तळाखाली गेलेलं परवडतं, पण भाव हाताने उतरवा.

यंदा चवथीला तो पासवर्ड मागणार. मी देत नाही.