टोकियोतल्या महागड्या सुशी रेस्टॉरंटमध्ये सोया सॉस आणि वासाबी जास्तीचा मागावा का?

नको. तिथे बहुधा मेनूकार्ड नसतंच, शेफ देईल ते खायचं. वासाबी, म्हणजे झणझणीत हिरवी चटणी, त्याने भात आणि माशाच्या मध्ये आधीच लावलेला असतो, वरून ब्रशने सोया सॉसचा हात फिरवलेला असतो. पुढ्यात आलेला घास लगेच तोंडात टाका, हाताने खाल्लं तरी चालतं. भात कोमट असतो. फोटो काढत बसलात तर मजा गेली. आलं दोन घासांच्या मध्ये खायचं, सुशीवर ठेवून नव्हे. अत्तर मारून जाऊ नका. टिप देत नाहीत.

खरी मारामारी जागेसाठी! टोकियोच्या गिन्झा भागातल्या सुकियाबाशी जिरो या सुशी रेस्टॉरंटमध्ये जेमतेम 10 खुर्च्या. सर्वसामान्यांचं बुकिंगच घेत नाहीत म्हणून 2019 मध्ये मिशेलिनने त्यांना आपल्या रेस्टॉरंट गाइडमधून वगळलं. आणि मासे खात नसाल तर कशाला एवढे पैसे घालवता?