वाचकांचे प्रश्न : ‘मेट्रोपोलिस’च्या डिस्कवरील रेघा

प्रश्न : महाविद्यालयात असताना फिल्म सोसायटीच्या खेळाला फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट पाहिला होता. तो दीड तासात आटोपला आणि भव्य देखावे सोडले तर कथेचा नीट उलगडा झाला नाही. आता मुलाने त्याची ब्लू-रे डिस्क आणून दिली आहे, ती जवळजवळ अडीच तासांची आहे. चित्र बहुतेक ठिकाणी लख्ख आहे. मात्र मध्येच चौकट लहान होते, पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडू लागतो आणि थोड्या वेळाने सारे पूर्ववत होते. डिस्क बदलून मागावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मागू नका, बदलून मिळालेली डिस्कही अशीच निघेल. ज्या भागांतील रेघा आपल्याला खटकल्या, नेमके तेच भाग आपण त्या वेळी पाहिलेले नव्हते.

बर्लिनमध्ये १० जानेवारी १९२७ रोजी हा चित्रपट प्रथम दाखवला गेला, तेव्हा त्याची लांबी ४,१८९ मीटर होती. त्यानंतर अमेरिकेतील वितरणासाठी त्याला मोठी कात्री लागली, जर्मनीतही आखूड प्रतच चालवली गेली आणि कापलेला भाग कायमचा गेला, असेच पुढे कित्येक दशके मानले जात होते. २००८ मध्ये ब्यूनस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक प्रत मिळाली. फर्नांडो पेन्या या अभ्यासकाला तिचा सुगावा लागला तो एका फिल्म क्लबच्या चालकाच्या जुन्या तक्रारीवरून. हा चित्रपट दाखवताना फिल्म स्थिर राहावी म्हणून आपल्याला दोन तासांहून अधिक वेळ प्रोजेक्टरवर बोट दाबून धरावे लागले, असे ते गृहस्थ सांगत असत. दीड तासाच्या चित्रपटासाठी इतका वेळ बोट कशाला धरावे लागेल?

ही प्रत मूळ ३५ मिलिमीटरच्या, वापरून झिजलेल्या प्रतीवरून केलेली होती. जुनी नायट्रेट फिल्म सहज पेट घेत असल्यामुळे ती लहान आकाराच्या सुरक्षित फिल्मवर उतरवून घेण्याची पद्धत होती. परंतु उतरवताना मूळ प्रतीवरचे ओरखडेही चित्रासोबत छापले गेले आणि चौकटीची एक कडाही कापली गेली. त्यामुळे त्या रेघा पुसता येतील अशी धूळ नव्हे, त्या चित्राचाच भाग होऊन बसल्या आहेत. २०१० च्या जीर्णोद्धारात हे तुकडे ताणून पडदाभर न करता कडेला काळी पट्टी सोडून ठेवले गेले. मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो, कारण कोणता तुकडा कुठून आला हे प्रेक्षकाला त्यामुळे डोळ्यांनीच कळते. तुकड्यांचा क्रम लावण्यास गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांच्या संगीताच्या हस्तलिखिताची मदत झाली, कारण त्यात प्रसंगांच्या खुणा जागोजागी नोंदवलेल्या होत्या.

आता कथेविषयी. शास्त्रज्ञ रोटवांग यंत्रस्त्री का घडवतो, हे आखूड प्रतीत धड कळतच नसे. पूर्ण चित्रपटात त्याच्या घरातील एक पडदा बाजूला सरतो आणि मागे हेल नावाच्या स्त्रीचे दगडी मस्तक उभे असते. रोटवांगचे जिच्यावर प्रेम होते ती हीच स्त्री. तिने शहराच्या सत्ताधीशाशी लग्न केले आणि त्याच्या मुलाला जन्म देताना ती वारली. म्हणजे ते यंत्र कामगारांना पर्याय म्हणून नव्हे, तर गेलेल्या माणसाच्या जागी घडवले गेले होते. हे नाव इंग्रजीतील ‘नरक’ या अर्थाच्या शब्दासारखे दिसते, एवढ्या कारणाने अमेरिकेत हा सारा धागाच उपटला गेला! क्रमांक ११८११ चा कामगारही पूर्वी नायकाशी कपडे बदलून जणू हवेत विरून जात असे. आता खिशातील नोटांच्या मोहाने तो मोटारीतून रंगमहालाकडे जाताना दिसतो. दोन प्रसंग अजूनही सापडलेले नाहीत. तेथे काळ्या पाटीवरील मजकूर वाचून पुढे जावे.

प्रश्न : याच चित्रपटातील माणसे लगबगीने हालचाल करतात. प्लेअरवर वेग कमी केला तर चालेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : न केलेला बरा. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचे हँडल बहुधा हाताने फिरवले जाई आणि चित्रगृहातील वेग त्याहून अनेकदा अधिक असे. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर मूळ ४,१८९ मीटरचे सुमारे १५३ मिनिटे होतात, २० धरल्या तर तीन तासांहून अधिक. योग्य वेग कोणता, यावर जाणकारांचे एकमत नाही; परंतु डिस्कवरील संगीत चित्राशी जुळवलेले असल्यामुळे वेग कमी करताच ते बिघडते किंवा बंदच पडते. शिवाय सुरुवातीचा पाळी बदलण्याचा प्रसंग पाहा. कामावर येणारी आणि सुटून परतणारी अशा कामगारांच्या दोन रांगा शेजारून जातात आणि परतणाऱ्यांची पावले येणाऱ्यांपेक्षा कितीतरी संथ पडतात. हा फरक प्लेअरचा नाही, लांग यांनी तो नटांकडून करवून घेतला आहे.