कोकणातलं जुनं कौलारू घर विकण्याआधी सजवावं का?

गुहागरजवळचं आजोबांचं घर विकायचं आहे, त्याआधी रंग, पडदे, थोडं फर्निचर करून छान फोटो काढले तर भाव जास्त येईल का आणि किती खर्च करावा, असं तुम्ही विचारलंय. रंगावर एक रुपयाही घालू नका. असेल तो पैसा छपरावर आणि कागदांवर घाला.

हे मी ठामपणे सांगते, कारण आमच्या दापोलीकडच्या घराचं हेच झालं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात निम्मी कौलं उडाली. ती कशीबशी बसवली आणि पुढे घर विकायचं ठरलं. आमचा मुंबईचा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याचं म्हणणं एकच: "घर दिसायला हवं, मग गिऱ्हाईक भाव करत नाही." त्याने मुंबईहून सजावटवाला आणला. ओटीवरचा झोपाळा काढला, आजी-आजोबांचे फोटो माळ्यावर गेले, लाल कोब्याच्या जमिनीवर लाकडासारखं दिसणारं प्लास्टिक चिकटवलं आणि चुन्याच्या भिंतींना पांढराशुभ्र प्लास्टिक पेंट मारला. मी तेव्हाच म्हटलं होतं, या भिंतींना हा रंग चालणार नाही. ऐकतंय कोण.

आमच्याकडच्या भिंती जांभ्याच्या, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाच्या; हा चिरा पाणी पितो. पावसाळ्यात जोत्यापासून ओल वर चढते आणि चुना ती हळूहळू बाहेर सोडतो. प्लास्टिक पेंटचा पापुद्रा ती आतच कोंडतो. श्रावणात पुण्याचं एक जोडपं घर बघायला आलं. ओटीच्या भिंतीवर तळहाताएवढा फुगा आला होता. बाईंनी त्यावर अंगठा दाबला, रंग फाटला आणि आतून गढूळ पाणी ओघळलं. त्यांच्या यजमानांनी कोपऱ्यात उचललेलं प्लास्टिक बघितलं आणि शांतपणे विचारलं, "खाली काय झाकलंय?" खाली आजोबांनी घोटून घेतलेला लखलखीत कोबा होता. पण ते आता कोण मानणार? चहाही न घेता गेले.

नंतर मी भिंती खरवडून घेतल्या, पुन्हा चुना लावला, कौलं परतून घेतली. दोन वासे वाळवीने खाल्ले होते. घर बंद पडलं, चूल पेटायची थांबली, धूर गेला, की लाकडाचं हे होतंच. ते वासे बदलले आणि नवे मुद्दाम न रंगवता तसेच ठेवले. कुठे काय दुरुस्त केलंय ते बघणाऱ्याला दिसू दे. शेवटी ज्यांनी घर घेतलं ते कोल्हापूरचे निवृत्त गृहस्थ. ते ऐन मे महिन्यात आले. आधी विहिरीवर जाऊन स्वतः पोहरा सोडला, मग टॉर्च घेऊन माळ्यावर चढले. भिंतीच्या रंगाबद्दल चकार शब्द नाही. गाडी दारापर्यंत येते की पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतराव्या लागतात, एवढं विचारलं आणि नंतरचा प्रश्न, "सहहिस्सेदार किती?"

तिथे आमचं खरं घोडं अडलं. सातबाऱ्यावर दोन्ही आत्यांची नावं होती. त्यांची हक्कसोडपत्रं दुय्यम निबंधकांकडे नोंदवायची, मग फेरफार, यात कितीतरी महिने गेले. दादाने उशा-पडद्यांवर घातलेला पैसा आणि वेळ आधी इथे लागला असता, तर घर कधीच विकलं गेलं असतं. दादा अजूनही म्हणतो, फर्निचर ठेवलं असतं तर दोन लाख जास्त आले असते. मुळीच आले नसते. कोकणात घर घ्यायला येणारा माणूस पाणी, छप्पर, रस्ता आणि सातबारा बघतो. फोटो बघून तो फक्त फोन करतो.

तुम्ही एवढं करा: आठवडाभर आधी सगळी दारं-खिडक्या उघडून कुबट वास घालवा, जळमटं काढा, परसातलं गवत कापा, न्हाणीघर घासून घ्या, खराब कौलं बदला. झोपाळा असेल तर हलवू नका. घराचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टीच्या नोंदीचा उतारा) आणि जमिनीचा सातबारा दोन्ही ताजे काढून ठेवा. घराबरोबर बागायत देणार असाल तर घेणारा शेतकरी आहे का हे पहिल्या फोनवरच विचारा. नसेल तर कुळकायद्याच्या कलम 63 मुळे परवानगीशिवाय शेतजमीन त्याच्या नावावर होणार नाही आणि सगळी बोलणी फुकट जातील. अगदी किनाऱ्याला असाल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची, हद्दही तपासून घ्या.

रत्नागिरी-चिपळुणात फ्लॅट विकत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे रंगाचा उपयोग होतो. होमस्टे काढायला घेणारा भेटला तर दोन बऱ्या खाटा आणि चालू गिझरचे तो पैसे देईल. पण त्यालाही घर भर पावसात एकदा दाखवाच. ओटी कोरडी दिसली की भाव पाडायला त्याच्या हातात फारसं काही राहत नाही.