बाइकच्या इंजिनच्या व्हॉल्व्हवरचा कार्बन घरी कसा काढावा?

इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून व्हॉल्व्ह बाहेर काढलेले असतील तर घरी छान जमतं. आधी इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) कुठला, एग्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) कुठला याची खूण करा. प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतःच्याच सीटवर (हेडमधल्या ज्या कड्यावर तो टेकतो) परत बसायला हवा. मग रॉकेल किंवा कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजत ठेवा. सकाळी लाकडी पट्टीने थर खरवडा, उरलेला पितळी ब्रशने काढा. हे काम उघड्यावर करा, आसपास विडी-सिगारेट नको.

खरी काळजी घ्यायची ती व्हॉल्व्हच्या कडेच्या तिरक्या पट्टीची. तीच सीटवर बसून कॉम्प्रेशन धरते. तिथे पॉलिश पेपर, स्क्रू-ड्रायव्हर काही लावू नका, एक ओरखडाही गळतीला पुरतो. दांड्यालाही पॉलिश पेपर नको.

स्टेम सील (दांड्यावरून तेल आत जाऊ न देणारे) नवे टाका, स्वस्त असतात. व्हॉल्व्ह बसवल्यावर हेडच्या पोर्टमध्ये (हवा-धूर ये-जा करतात त्या वाटेत) थोडं रॉकेल ओतून ठेवा. चेंबरच्या (पेट्रोल जळतं त्या पोकळीच्या) बाजूने पाझरलं तर ग्राइंडिंग पेस्टने लॅपिंग करा (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून जुळवा), आणि पेस्टचा कणही आत राहू देऊ नका.

इनटेक व्हॉल्व्हवर ओलसर, तेलकट थर असेल तर गाइड (दांडा सरकतो ती नळी) किंवा सील गेलंय. ते बदलल्याशिवाय कार्बन पुन्हा जमणारच.