वाचकांचे प्रश्न : आधी गळ्यातून, मग पेटीवर

कान तयार करण्याबद्दल सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : दोन वर्षं पेटी शिकतोय. वहीत स्वर लिहून दिले की वाजवता येतं, पण ऐकलेलं गाणं बसवायला घेतलं की बोटं पट्ट्या चाचपडत राहतात. स्वर ऐकून ओळखता कसे येतील? (एक विद्यार्थी, जुळे सोलापूर)

चाचपडत वाजवताना निवड बोट करतं आणि कान नुसता होकार-नकार देतो. अशानं बोटं चपळ होतात, पण कान होता तिथेच राहतो. म्हणून जो स्वर गळ्यातून निघाला नाही, तो पेटीवर दाबायचा नाही, एवढं आजपासून पाळा. आवाज गोड नसला तरी चालेल, गुणगुणता आलं तरी पुरे.

तानपुरा तुमच्या पट्टीत लावा, मोबाइलवरचा चालेल. पेटीवरची जी पट्टी सा धरली तिचंच नाव पट्टीला : सप्तकातली पहिली पांढरी ती पांढरी एक, पहिली काळी ती काळी एक. पुरुषांना बहुधा पांढरी एक ते काळी दोन सोयीची पडते, बायकांना काळी तीन ते काळी पाच. पहिला आठवडा फक्त सा, प आणि तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा. सा लावा, प मनात ऐका, मग गा आणि सगळ्यात शेवटी पेटीवर तपासा. पुढच्या आठवड्यात शुद्ध ग, मग रे, मग ध. हे भूपाचे पाच स्वर झाले. ते पक्के झाल्याशिवाय म आणि नी घेऊ नका, कारण म आला की सगळा गोंधळ सुरू होतो. कोमल आणि तीव्र स्वर नेहमी त्यांच्या शुद्ध जोडीदाराबरोबर घ्या : सा–शुद्ध ग, सा–कोमल ग, दहा-दहा वेळा.

परीक्षा रोज घ्या. घरातल्या कुणाला पेटीवर बसवा. त्यांनी सा वाजवून कुठलाही एक स्वर वाजवायचा, तुम्ही पाठ फिरवून नाव सांगायचं. वीसपैकी सोळा बरोबर आले तरच नवा स्वर. कुणी बसणारं नसेल, तर वीस स्वर उलटसुलट क्रमानं, मध्ये पाच सेकंद सोडून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. क्रम कागदावर लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी ऐका. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

चुकतं कुठे, तेही सांगतो. सगळ्यात जास्त चूक प आणि म यांच्यात होते आणि तिला कारण आहे. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प ची. त्या पंचमापासून वरच्या सा पर्यंतचं अंतर सा ते म एवढंच असतं. नवख्या कानाला ती पहिली तारच सा वाटली, की खरा सा मध्यम, म्हणजे म, वाटू लागतो. अशा वेळी मधल्या जोडीच्या तारांवर लक्ष ठेवा, तोच आपला सा. दुसरी खोड म्हणजे जिना चढत जाणं : ध ओळखायला मनात सा-रे-ग-म-प म्हणत वर जायचं. पहिल्या महिन्यात चालेल, पण गाणं तेवढा वेळ थांबत नाही. त्यापेक्षा स्वराची ओढ ऐका. नी तार सा कडे खेचतो, शुद्ध म ग वर उतरू पाहतो, प कुठेही न जाता उभा राहतो. महिनाभरानंतर दर दोन दिवसांनी पट्टी बदला, नाहीतर पाठ होतो तो स्वर नव्हे, त्या एका पट्टीचा आवाज.

गाणं बसवताना आधी त्याचा सा शोधा. ध्रुवपद जिथे विसावतं तो स्वर बहुतेक वेळा सा असतो, नेहमीच नाही. मग फक्त पहिले चार शब्द घ्या. ते शब्दांत गा, सरगमेत गा आणि मग पेटी उघडा.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात पेटी असली की सूर ठीक राहतो. पेटीशिवाय अभंग म्हटला की शेवटच्या चरणापर्यंत पट्टी उतरलेली असते. का? (एक वाचिका, मंगळवेढा)

पट्टी एकदम उतरत नाही. ओळ संपत येते तसा श्वासही संपत येतो, दाब कमी होतो आणि शेवटचा सा किंचित खाली लागतो. पुढची ओळ त्या कणसूर सा वरूनच उचलली जाते. दर ओळीला एका पट्टीचा दहावा भाग जरी सुटला, तरी दहा ओळींत आख्खी एक पट्टी जाते. अवरोहात ध आणि रे आळसानं घेतले की हेच आणखी लवकर होतं. गजरात लय वाढली की उलट पट्टी चढते.

उपाय असा : तानपुरा लावून सा धरा, आवाज बंद करा, दहा सेकंद तोच सा गा आणि पुन्हा चालू करून ताडून पाहा. जमलं की अर्धा मिनिट, मग एक अख्खा चरण. श्वास ओळ संपायच्या आधी, शब्द तुटणार नाही अशा जागी घ्या. टाळांच्या गजरात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, म्हणून सुरुवात करणाऱ्यानं विणेकऱ्याशेजारी उभं राहावं आणि वीणा उभं राहण्याआधी सुरात लावून घ्यावी. हे नेमकं राहून जातं.

प्रश्न : मोबाइलच्या ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या ॲपवर) माझा शुद्ध गंधार, म्हणजे ग, उतरलेला दिसतो. गुरुजी म्हणतात, बरोबर आहे. खरं कुणाचं? (एक वाचक, पंढरपूर)

गुरुजींचं. ट्यूनर पेटीसारखा मोजतो, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून. तानपुऱ्याचा गंधार खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून आपोआप उमटतो, खर्जाच्या पाचपट कंपनांचा. मध्य सा २४० कंपनांचा धरला, तर खर्ज १२० चा, त्याची पाचपट ६००, आणि एक सप्तक खाली आणलं की ग ३०० चा येतो. पेटीचा येतो ३०२.४ चा. पंचमात फरक नगण्य, ३६० आणि ३५९.६. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर एका भागाला सेंट म्हणतात. तुमचा सा शून्यावर असताना ग सुमारे १४ सेंट खाली दिसला, तर तो तानपुऱ्यात मिसळलेला आहे. ३० सेंट खाली असेल तर मात्र कणसूर.

पेटी बंद ठेवा, खर्ज एकटाच छेडा आणि तार विझत येताना कान द्या. मग त्यावर ग लावा. स्वर जुळत नसेल तर आवाजात लाटा येतात, त्या मंदावत थांबेपर्यंत गळा केसभर हलवा. खरा तानपुरा ऐकायची संधी सोडू नका. मिरजेच्या तानपुऱ्यांना लागणारे भोपळे तुमच्याच पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात.

प्रश्न : घराशेजारी यंत्रमाग आहेत. खडखडाटात स्वरांचा अभ्यास करावा का? (एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर)

नवे स्वर त्या वेळी घेऊ नका. माग थांबलेले असतील ती वेळ स्वरांना द्या. माग चालू असताना लय पक्की करा : ठोक्यावर त्रितालाच्या सोळा मात्रा मोजा, मग दुगुण, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणा. इअरफोन एकाच कानात घाला, आवाज कमी ठेवा, म्हणजे आपला गळा ऐकू येईल.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ट्रान्सफॉर्मर आणि जुन्या ट्यूबलाइटचा चोक सेकंदाला १०० कंपनांनी गुणगुणतो. तो सूर पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. तुमची पट्टी पांढरी एक असेल, तर तो चढलेल्या पंचमासारखा वाटतो आणि तुमचा प वर ओढतो. काळी एक असेल तर तीव्र मध्यमाच्या आसपास घोळत राहतो. अभ्यासाला बसताना ती ट्यूबलाइट बंद करा.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये माझी बासरी तानपुऱ्याशी जुळतच नाही. कान बिघडला की बासरी? (एक वाचक, बार्शी)

दोन्ही ठीक आहेत. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि बासरी अंशाला साधारण ३ सेंटपर्यंत चढू शकते. फुंकीची हवा शरीराच्या उष्णतेची असल्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमीच चढते. तानपुऱ्याच्या तारा मात्र उष्णतेनं सैल होऊन उतरतात. चाळीस अंशांत हे अंतर कुणालाही ऐकू येतं. पाच मिनिटं वाजवून बासरी स्थिरावू द्या आणि मग तानपुरा बासरीला मिळवा. खुंटीनं जवळ आणा, तारेत ओवलेल्या मण्यानं नेमका करा. साथीला पेटी असेल तर तिचा सूर हलत नाही. तेव्हा बासरी किंचित आत वळवून फुंकीचं भोक ओठानं थोडं जास्त झाका, सूर उतरेल. फार झाकलंत तर तार सप्तक गुदमरतं. तेवढ्यानं भागत नसेल, तर उन्हाळ्यासाठी किंचित उतरत्या सुराची दुसरी बासरी ठेवा.