डबल स्कल्स: सुरुवात करतोयस तर

भाऊ, तापीत पोहायला शिकलास म्हणतोस, म्हणजे निम्मी भीती गेली. होडी उलटली तर तिला सोडून काठाकडे पोहत सुटू नको. ती तरंगते, तिलाच धरून राहा.

डबल स्कल्स म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतीचा एक प्रकार: होडीत दोघं, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही, शर्यत २००० मीटर. सध्या एवढंच सांभाळ:

- जोर पायांचा. नवखा हमखास हातांनी ओढतो आणि थोड्याच वेळात खांदे धरतात. आधी पाय, मग पाठ, हात शेवटी.
- मूठ सैल. आवळलीस की फोड येतात, होडीही डुगडुगते.
- मागे बसलास तर पुढच्याच्या पाठीवर नजर ठेव आणि त्याच्या लयीत जा.

आता वजन. लाइटवेटमध्ये, म्हणजे कमी वजनाच्या गटात, पुरुषांना कमाल ७२.५ किलो आणि दोघांची सरासरी ७०. हे ऐकलं की पोरं जेवण तोडतात, पाणी बंद करतात. जळगावच्या मे महिन्यात हा निव्वळ वेडेपणा! मीही केलाय, चक्कर येऊन काठावर बसलो होतो. पहिलं वर्ष काटा विसर. भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खा.

तसंही पॅरिस २०२४ नंतर ऑलिंपिकमधून लाइटवेट गेलंच. पण २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग यांनी याच प्रकारात रौप्य आणलं, ती शर्यत बघ. उशीर झाला म्हणतोस? शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला.

रिगर (वल्हं अडकवायची होडीबाहेरची चौकट), वल्ह्यांची लांबी वगैरे आत्ता विचारू नको.